ढगाळ दिवसाचा नवरा

ताकेहारा गावात एखाद्या बाईचं नवऱ्याशी बिनसलं की ती आजही ऐकवते, "त्या उशिमारूला आठवा जरा. बायकोसाठी त्या माणसानं सूर्य सोडला!" नवरे बिचारे मान खाली घालून भात गिळतात. मी मात्र अशा वेळी उठून चहाचं पाणी बघायला जाते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण ही गोष्ट मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी शिगेनो. हिदाच्या डोंगरात, आमच्या गावाच्या डोक्यावर, सूर्याची एक वेधशाळा आहे. तिथे मी वीसेक वर्षं स्वयंपाक केला. उशिमारू तेत्सुजी तिथे सूर्य बघायला होता, आणि त्याची बायको मिसाओ ही माझी नाकातला शेंबूड किमोनोच्या बाहीला पुसायच्या वयापासूनची मैत्रीण. डोंगरावर नवऱ्याला जेवू घालायचं आणि सुट्टीला खाली आलं की बायकोची गाऱ्हाणी ऐकायची, अशी त्या घराची दुहेरी चाकरी माझ्या नशिबी होती.

उशिमारू कोळसेवाल्याचा मुलगा. कोळशाच्या भट्टीचं सगळं गणित धुरात असतं. पांढरा धूर निळा होतो, निळा विरत विरत दिसेनासा होतो, आणि नेमक्या त्या घडीला भट्टीचं तोंड मातीनं लिंपायचं. लवकर लिंपलं तर आत अर्धकच्ची लाकडं, उशीर झाला तर नुसती राख. मिसरूड फुटायच्या आधीच उशिमारू बापाच्या भट्ट्या लिंपायचा आणि त्याची भट्टी कधी वाया गेली नाही. मग गॅस आला, कोळसा कोणी विचारेना, आणि डोंगरावर घुमट बांधायला सुरुवात झाली तेव्हा हा पाठीवर सिमेंटची पोती वाहायला गेला. वेधशाळेचे मुख्य त्सुनेकावा सेन्सेइ, म्हणजे गुरुजी. त्यांना काचेसमोर दिवसभर न कंटाळता बसेल असा माणूस हवा होता. शहरातून आलेली मुलं तासाभरात जांभया द्यायला लागत. उशिमारू बसला तो बसलाच.

काम सांगायला सोपं होतं. घुमटातल्या दुर्बिणीला लाल गाळणी लावलेली होती. तिच्यातून सूर्याच्या अगदी अंगालगतचा थर दिसतो म्हणे. बशीएवढा तांबडा सूर्य घासलेल्या काचेवर पडायचा आणि शेजारी कॅमेरा दर मिनिटाला खट् करून फोटो काढायचा. उशिमारूनं त्या काचेवर नजर ठेवायची. सूर्य मधोमध आहे ना, कुठे भडका उडतोय का, ढग येतोय का. ढग आला की कॅमेरा बंद. "ढगांना फिल्म खाऊ घालायची नाही," हा सेन्सेइंचा एकच नियम. मग ढग सरेपर्यंत माणूस मोकळा.

स्वयंपाकघराशेजारच्या जिन्यात एका खिळ्यावर लाकडी पाटी लटकायची. पाट्या तीन होत्या: 'सूर्य', 'पातळ ढग' आणि 'बंद'. माझी चूल त्या खिळ्याच्या हुकमावर चालायची. 'सूर्य' असला की कोणी खाली येणार नाही, भाताचे गोळे वळून वर पाठवायचे. ढग असला की सगळे खाली, म्हणजे गरम सूप, लाल सलगमाचं लोणचं आणि होओ झाडाच्या रुंद पानावर भाजलेला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा. ते लोणचं मिसाओच्या हातचं असायचं.

आणि मग ती लाट. हा शब्द मी जेवणघरात रोज ऐकायचे. सूर्यावर मोठा भडका उडाला की क्वचित, फारच क्वचित, त्याच्यापासून फिकट उजेडाची एक कमान सुटते आणि सूर्याच्या अंगावरून धावत जाते. सेन्सेइंनी मला समजावलं होतं, "पिकलेल्या भातावरून वारा जातो ना, शिगेनोसान? धाटं जागच्या जागी वाकतात नि उठतात, पळत जातो तो नुसता वाक. तसंच." पापणी लवेपर्यंत आमच्या डोंगरावरून तोक्योच्या पलीकडे पोचेल असा तिचा वेग. पण सूर्यच एवढा मोठा, की काचेवर ती गोगलगाईसारखी सरकते, आणि इतकी फिकट, की एकट्या फोटोत काही म्हणता काही दिसत नाही. फिल्म धुऊन यंत्रावर चढवायची, भरभर पुढेमागे फिरवायची, तेव्हा कुठे काहीतरी हललं असं वाटतं. दुसऱ्या देशांतल्या लोकांना ती सापडली होती. आमच्या डोंगरावर, इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसूनही, एकदाही नाही.

उशिमारू जेवताना सहसा बोलत नसे. पण लाटेचा विषय निघाला की चॉपस्टिक्स खाली ठेवून एकच वाक्य बोलायचा, "एकदा काचेवर बघायचीय. फिल्मवर नव्हे, काचेवर." बाकीचे हसायचे. काचेवर ती कोणालाच दिसत नाही, हे तेही जाणून होते आणि तोही.

आता मिसाओ. आडव्या अंगाची, मोठ्यानं हसणारी, तोंडाळ बाई. मूलबाळ नाही. नवरा डोंगरावर. उघडीप असली की तो वरच राहायचा, पाऊस नाहीतर दाट ढग लागला की खाली यायचा. पावसाचा पहिला थेंब पडला की गावातल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या, मिसाओ तांदूळ धुवायला. "मी बाई ढगाळ दिवसाची बायको," ती म्हणायची. "सूर्याचं खरकटं माझ्या ताटात." ती हे हसत हसत म्हणायची आणि आम्हीही हसायचो. हसण्यावारी न्यायला आम्ही सगळ्याच फार हुशार.

तिचा खरा राग त्याच्या नखांवर होता. फिल्मवर नखाचा ओरखडा उठतो, म्हणून उशिमारू रोज सूर्य बुडाल्यावर, फिल्म धुवायला जाण्याआधी नखं कापायचा. सवय अशी जडली की घरी आला तरी दिवा लावल्यावर त्याचं नखं कापणं सुरू. रात्री नखं कापणाऱ्याला आईबापाचं शेवटचं दर्शन होत नाही, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याची आई गेली तेव्हा आभाळ निरभ्र होतं आणि हा वर काचेसमोर होता. निरोप पोचूनही तो संध्याकाळीच उतरला. तेव्हापासून मिसाओनं त्याला नखांवरून टोचायची एक संधी सोडली नाही.

"कापा, कापा! आता काय, मीच एक उरलेय. आणि त्या म्हणीत बायकोचं नाव नाही!"

तो निमूटपणे नखं कागदात गुंडाळून चुलीत टाकायचा.

मिसाओच्या पोटात दुखायला लागलं त्याच्या पुढच्या वर्षी. तिनं ते लोणच्याच्या पिंपावर दाबायला ठेवतात त्या दगडावर ढकललं. दगड उचलताना लचक भरली म्हणे. ताकायामाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पोट उघडून पुन्हा शिवून टाकलं. डॉक्टर तिला काही बोलले नाहीत, पण मिसाओ काय दुधखुळी होती? मला म्हणाली, "शिंप्यानं कापड परत केलं, शिगेनो. शिवण्यासारखं काही उरलं नाही."

मी तिच्या उशाशी बसून पर्सिमॉनचं केशरी फळ सोलत होते. खिडकीतून डोंगरांची रांग दिसत होती. ती तिकडे बघत होती.

"माझं एक काम आहे," ती म्हणाली. "म्हणजे तू करायचं नाहीयेस. नुसतं ऐकायचं."

"बोल ना."

"एकदा, फक्त एकदाच, कडक ऊन पडलेलं असताना हा माणूस डोंगर उतरून माझ्याकडे यायला हवा. ढग आल्यावर काय, कावळेसुद्धा घरी येतात."

"एवढंच ना? उद्या कान धरून आणते."

"नको!" तिनं माझं मनगट पकडलं. बोटांत जोर नव्हता, नजरेत होता. "ओढून आणलेला नको. सांगायचं पण नाही त्यांना. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"ते तसंही बघायचंय," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो, आणि मग मी बाहेर जाऊन रडले. असल्या विनोदाचं मला आजही वाईट वाटत नाही. तिला असले विनोद आवडायचे.

त्या शरदात आभाळ कोडगं झालं. एरवी आमच्या डोंगरावर चार दिवस ऊन टिकलं तर नशीब समजायचं. त्या वर्षी सकाळ उजाडली की निळं, दुपारी निळं, संध्याकाळी निळं. त्यातच सूर्याच्या पूर्वेच्या कडेवरून काळ्या डागांचा एक भलामोठा घोळका आत आला. जेवणघरात दुसरा विषय नाही. एवढा डाग म्हणजे भडके उडणार, आणि भडके उडणार म्हणजे या खेपेला लाट सापडणार. उशिमारू पहाटे घुमटात जायचा आणि अंधार पडल्यावर फिल्म धुवायला उतरायचा. सेन्सेइ स्वतः त्याला म्हणाले, "उशिमारूसान, तुम्ही दवाखान्यात जा. काचेवर मी बसतो." त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "हा डाग पलीकडे जाऊ दे, सेन्सेइ. मग जातो."

तो दगड नव्हता. दगड असता तर सोपं होतं, मी त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. पण माझे भाताचे गोळे जसेच्या तसे परत यायचे. एकदा तो जिन्यात, पाटीच्या खिळ्याखाली, भिंतीला कपाळ टेकून उभा दिसला. मी आलेली कळताच त्यानं पाटी सरळ केल्यासारखं केलं. ती सरळच होती.

भडके उडाले. मोठाले उडाले. लाट काही सुटली नाही. डागांचा तो घोळका सूर्याच्या अंगावरून पुढे सरकत पश्चिमेच्या कडेला पोचला आणि एके दिवशी कडेआड गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि सेन्सेइ सगळ्या मंडळींना घेऊन क्योतोला सभेला गेले. वर उरलो आम्ही दोघं. त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर सूप आदळलं.

"उशिमारूसान, उद्या जाताय ना?"

"आभाळ बघू कसं आहे."

"डाग गेला ना पलीकडे? आता काय सूर्याला पंखा घालत बसणार?"

"सगळे खाली गेलेत. वर मी एकटा आहे."

"मग कुलूप लावा! सूर्य काय पळून जातोय?"

"उघडीप असताना?" त्यानं मला असं विचारलं, जसं कोणी विचारावं की तान्हं मूल रस्त्यावर ठेवून कसं जायचं?

"बायको मरतेय तुमची."

"ठाऊक आहे." त्यानं वाडगा दोन्ही हातांनी धरला, पण तोंडाला लावला नाही. "ढग आला की निघतो. लगेच निघतो."

मी डाव मोरीत फेकला. मिसाओचं म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता. ओढून आणलेला नको, ती म्हणाली होती. मी जीभ आवरली आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं लख्ख, की डोळे मिटून घ्यावेत. पाटी अर्थातच 'सूर्य'. मी भाताचे गोळे वळत होते तेव्हा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. "उशिमारूसानना आजच पाठवा," ती म्हणाली. "उद्यावर टाकू नका." मी तसेच भाताचे चिकट हात घेऊन घुमटाचा जिना चढले.

तो काचेसमोर पाठमोरा बसला होता.

"दवाखान्यातून फोन होता," मी म्हणाले. "आज या म्हणतात. उद्या नाही."

तो हलला नाही. कॅमेरा वाजला, खट्. मी दारात उभी. आत फक्त दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राची घरघर. पुन्हा खट्.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. 

"हो. स्वच्छ आहे."

याच्यापुढे काही बोलणं म्हणजे त्याला ओढून आणणं झालं असतं.  आत्ता ऊठ, मी मनात म्हणत होते, आत्ता, या उन्हात ऊठ, मेल्या, ती वाट बघतेय. खट्. तो काचेकडे बघत राहिला. मग एकाएकी पुढे झुकला, इतका, की नाक काचेला लागेल.

"थांबा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"कडेला दुधट आलंय. पश्चिमेच्या कडेला. आत सरकतंय."

मी बघितलं. मला त्या काचेत तांबड्या बशीपलीकडे कधी काही दिसलं नाही, तेव्हाही नाही दिसलं. खट्.

"पातळ ढग," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, मोठ्यानं, मी त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, "पातळ ढग आला, शिगेनोसान! ढग आला!"

त्यानं कॅमेऱ्याचं बटण बंद केलं. साखळी ओढून घुमटाची फट मिटवली. "पाटी बदला, मी जीप काढतो." मी जिन्यातली पाटी काढली, 'पातळ ढग' लटकवली आणि बाहेर आले.

बाहेर आभाळात नखभरही ढग नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फाच्या शिखरांमागेसुद्धा, निळंशार. मी दाराशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं. हा माणूस खोटं बोलला. तेवढी सगळी वर्षं सूर्याशी एक शब्द खोटा न बोललेला माणूस आज बायकोसाठी ढग बनवून मोकळा झाला. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. जिंकलीस गं, मी मनात म्हणाले, जिंकलीस, मिसाओ.

 जीपमध्ये घाटाच्या प्रत्येक वळणावर तो मान वाकडी करून काचेतून वर बघायचा. एकदा तर आम्ही दरीत जाता जाता वाचलो. मला वाटलं, लाज वाटतेय बिचाऱ्याला. मी म्हणाले, "समोर बघा. ढग काही पडत नाही तुमच्या अंगावर." तो "अं?" म्हणाला आणि पुन्हा वर बघितलं.

मिसाओ उशीवर चिपाडासारखी पडली होती. पण डोळे उघडे होते. अंगात घुमटातला निळा डगला तसाच असलेला नवरा दारात दिसला आणि तिचे डोळे खिडकीकडे गेले, तिथल्या उन्हाकडे, आणि परत त्याच्याकडे.

"आलात?"

"आलो."

"ऊन आहे की हो."

"पातळ ढग आला होता," तो म्हणाला.

तिनं कष्टानं मान वळवून पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. डोंगरांपर्यंत आभाळ धुतल्यासारखं होतं. ती हसली. हसणं म्हणजे नुसता श्वास होता, पण मी ते हसणं ओळखते.

"उभ्या जन्मात एक खोटं बोललात," ती म्हणाली, "तेही धड जमलं नाही."

उशिमारूनंही खिडकीतून बघितलं. बघतच राहिला. 

"हात द्या इकडे." त्यानं दिला. तिनं अंगठ्यानं त्याची नखं एकेक चाचपली. "रात्रीच कापलीत ना?"

"हो."

"तरी पोचलात," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. पैज जिंकलेल्या पोरीसारखं बघितलं. बघितलंस? असं. मी मान हलवली. बघितलं, बाई, बघितलं.

दिवे लागायच्या सुमारास ती गेली. शेवटपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही आणि तोंडावरचं ते हसूही गेलं नाही. असं मरण मला आलं तर मी तक्रार करणार नाही.

अस्थी घरात आल्यावर तो वर आला, आणि त्याच संध्याकाळी सेन्सेइ क्योतोहून परतले. त्यांच्या हातात एक तार होती, दक्षिणेकडच्या कुठल्याशा देशातल्या वेधशाळेची. कडेआड गेलेल्या त्या डागांत, सूर्याच्या पलीकडच्या अंगाला, प्रचंड भडका उडाला होता. भडका कोणालाच दिसला नाही. पण त्याची लाट कडेवरून अलीकडे सांडली होती, स्वच्छ, रुंद, अशी आजवर कोणी पाहिली नव्हती. वेळ दिलेली होती. आमच्याकडची त्या दिवसाची फिल्म अजून धुवायची होती. उशिमारूनं सुरी घेऊन नखं कापली आणि फिल्म धुतली.

जेवणघराच्या भिंतीवर सेन्सेइंनी फिल्म चालवली. मी सूपचे वाडगे घेऊन तिथेच होते, आणि या खेपेला मलासुद्धा दिसलं. तांबड्या सूर्याच्या कडेवर दुधट असं काहीतरी उठलं, कमानीसारखं वाकलं, बोटभर आत सरकलं, आणि पांढरी भिंत. फिल्म तिथे संपली होती. सेन्सेइंनी यंत्र उलटं फिरवलं. कमान कडेत परत गेली. पुन्हा सुलटं. कमान आली, बोटभर सरकली, पांढरी भिंत. 

सेन्सेइंनी दिवा लावला. "उशिमारूसान," ते म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मीही ढगच म्हटलं असतं. घरचं माणूस जात असताना दुसरं काय करायचं? या डोंगरावर याबद्दल तुम्हाला कोणी काही बोलणार नाही." आणि एवढा मोठा माणूस त्याच्यापुढे वाकला. बाकीचेही वाकले. उशिमारू त्यांच्याहून खाली वाकला आणि कितीतरी वेळ वर उठला नाही.

माझ्या तर अंगावर काटा आला होता. म्हणजे यानं नुसता सूर्य नाही सोडला! ज्या लाटेसाठी जन्म घालवला ती काचेवर समोर आली, यानं ओळखली, आणि तिला ढग म्हणून बायकोकडे धावला. सुट्टीला खाली आल्याबरोबर मी ही गोष्ट दुकानात सांगितली, न्हाणीघरात सांगितली, देवळाच्या पायऱ्यांवर सांगितली. बायका बाहीत तोंड खुपसून रडल्या. मिसाओच्या मरणाला असा मान मिळाला, जसा जिवंतपणी तिला कोणी दिला नव्हता.

उशिमारू मात्र पुन्हा काचेसमोर बसला नाही. सेन्सेइंनी खूप समजावलं. तो नाहीच म्हणाला. घुमटावरचा बर्फ काढायचा, लाकडं फोडायचा, माझ्या स्वयंपाकघरात बसून मुळे सोलायचा. गावात उतरला की बायका त्याला वाकून नमस्कार करत, टोपलीभर पर्सिमॉन हातात देत, आणि तो मार चुकवल्यासारखा खांदे आखडून घ्यायचा. संध्याकाळी कधीकधी तो एकटाच ती फिल्म चालवत बसायचा. बोटभर पुढे, बोटभर मागे. शेवटी सेन्सेइंनी ती कपाटात बंद केली. मी म्हणायचे, बायकोच्या आठवणीत झुरतोय. सगळ्यांनाच ते पटायचं.

त्यालाही काही वर्षं गेली. शरदातल्या पितरांच्या आठवड्यात मी मिसाओच्या थडग्यावर फुलं घेऊन गेले, तर तो आधीच तिथे. बादलीतून डावानं पाणी घेऊन धोंडा धूत होता. म्हातारा झाला होता. वर आभाळ स्वच्छ होतं आणि तो वर बघत नव्हता.

"शिगेनोसान," तो म्हणाला, "तुम्ही ती गोष्ट सांगता ना गावात."

"सांगते. का नाही सांगायची? शंभरदा सांगेन."

"ती खरी नाही."

मी फुलं खाली ठेवली.

"मला तो ढगच वाटला," तो म्हणाला. "खोटं नाही बोललो मी. ढग यावा, ढग यावा, असं तुम्ही दारात आल्यापासून मनात चाललं होतं. आणि आला. बाहेर पडलो, वर बघितलं तर काहीच नाही. घाटात प्रत्येक वळणावर बघत होतो, कुठे गेला म्हणून. दवाखान्याच्या खिडकीतून बघितलं तेव्हा कळलं, काय होतं ते."

"तेव्हा?"

"तेव्हा. ती नखं चाचपत होती माझी. आणि मी..." त्यानं डाव बादलीत सोडला. "मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. एव्हाना लाट विरून गेली असेल, एवढंच डोक्यात होतं."

 मी शेजारच्या थडग्याच्या पायरीवर बसले. विचारायचं नव्हतं, पण मी म्हणजे मी.

"आणि ओळखली असती तर? काचेवरच?"

 धोंड्यावरचं पाणी ओघळून खाली मुरत होतं.

"तर उतरलो नसतो," तो म्हणाला. "सूर्य बुडेपर्यंत उतरलो नसतो."

त्या क्षणी बादली उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. माझी मिसाओ, ते तिचं हसू, बघितलंस असं म्हणणारे ते डोळे. आणि त्याचा तो वाळलेला चेहरा, ज्याला कोणीही कधी शिक्षा केली नाही, उलट पर्सिमॉन दिले. मला दोघांचीही कीव आली आणि माझीही.

"हे तिला सांगायला दर वर्षी येतो," तो म्हणाला. "जमत नाही. आज सांगतो." आणि तो धोंड्याकडे वळून गुडघ्यांवर बसला, हात मांड्यांवर ठेवले, घसा खाकरला. "मिसाओ," त्यानं हाक मारली, "त्या दिवशी मी..."

"हळू बोला," मी म्हणाले. "ऐकेल ती."

त्यानं तोंडावर हात ठेवला. नखं कापलेली होती. मी डाव उचलला आणि उरलेलं पाणी धोंड्यावर ओतत राहिले.